‘नाही’ म्हणण्याची किंमत

ती पंचविशीतली, तो पन्नाशीतला. तिचं घरभाडं आणि कॉलेजची फी तो भरतो. दोघं सज्ञान, दोघांना मान्य. मग आपल्याला नेमकं काय खटकतं?

पैसा म्हणावा, तर लग्नाच्या बाजारात माझ्यासारख्या इंजिनिअरचं पॅकेज नावाआधी विचारतात. वय म्हणावं, तर आठ-दहा वर्षांचं अंतर आपल्या आजी-आजोबांतही होतंच.

देवलांच्या ‘संगीत शारदा’त (१८९९) म्हाताऱ्या नवरदेवाचे पैसे बाप घेतो, शारदेला कुणी विचारतच नाही. इथे ती स्वतः ‘हो’ म्हणते. हा फरक मोठा आहे. पण ‘हो’ एकदाच म्हणायचं असतं, नातं रोजचं असतं. उद्या तिने ‘नाही’ म्हटलं तर? नुसतं वाईट वाटेल, की महिनाअखेरीला खोलीही जाईल?

मीही पैशासाठीच नोकरी करतो. पण मला नोटीस पीरियड आहे, पीएफ आहे. तिला काय आहे? २०१० साली वेलुसामी खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, की पुरुष जिला पैसे देऊन मुख्यतः शरीरसंबंधासाठी ठेवतो, तिचं नातं ‘लग्नासारखं’ ठरत नाही. म्हणजे कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधारही नाही. जी सगळ्यात जास्त अवलंबून, तीच उघड्यावर.

म्हणून अशा पुरुषाला मी एकच विचारेन: ती उद्या निघून गेली तरी तिचं वर्ष पुरं होईल, एवढे पैसे आजच तिच्या खात्यात टाकशील?