खुर्ची काढायची होती, पोर नव्हे

बसा. वह्या बंद करा. काल संक्रांतीच्या कार्यक्रमात तुम्ही खेळ घेतलेत आणि सकाळपासून तिघांनी मला विचारलं, ‘मॅडम, छान झालं ना?’ नाही झालं. फोटो छान आले असतील.

बालवाडीच्या पोरांना संगीत खुर्ची! चार वर्षांच्या मुलाला बाद होणं कळत नाही. सगळे खेळतायत आणि मला बाहेर काढलं, एवढंच त्याला कळतं. पहिलं बाद झालेलं लेकरू शेवटपर्यंत खांबाला टेकून रडत होतं, आणि तुमच्यातला एक जण माइकवर ‘औट बे, औट!’ करत होता. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यावर गिऱ्हाईक बोलावल्यासारखा! खुर्ची काढायची होती, पोर नव्हे. आणि खुर्च्या तरी कशाला? सोलापुरात राहता, घरी चादरींना तोटा नाही. एक अंथरा. गाणं थांबलं की सगळ्यांनी तिच्यावर उभं राहायचं, दर फेरीला चादरीची एक घडी घालायची. पोरं एकमेकांना धरून उभी राहतात, खिदळतात. कुणीही बाद नाही.

बोरन्हाणाला तर माझा जीव टांगणीला लागला होता. दीड-दोन वर्षांच्या बाळांवर बोरं, हलवा आणि सोललेले शेंगदाणे ओतलेत. अख्खा दाणा किंवा बोराची बी त्या वयात श्वासनलिकेत अडकू शकते, हे पुस्तकात वाचलंय ना? मग ते फक्त पेपरात लिहायला होतं का? चुरमुरे पुरेसे होते. वर बोरं वेचायला सातवीची मुलं त्याच गर्दीत सोडलीत.

त्या सातवीच्या मुलांना दिलंत काय, तर लिंबू-चमचा. ती दंगा करणार नाहीत तर काय? त्या वयाला नियम हवेत, डाव हवा, भांडायला कारण हवं. लगोरी द्या, खो-खो द्या. खो-खोत आठ जण बसलेले असतात, पण त्यांतला एकही बाहेर नसतो. पुढचा खो आपल्याला मिळेल म्हणून प्रत्येक जण टपलेला असतो. बसणं आणि बाद होणं यातला हा फरक तुम्हाला वर्गात शिकवला, मैदानावर विसरलात.

आता आज्या. पूर्व भागातून किती हौसेनं आल्या होत्या! त्यांच्या पायाला फुगे बांधून फोडाफोडी लावलीत. जन्मभर बसून विड्या वळलेल्या बायका त्या, गुडघे आणि कंबर दुखतेच. एखादी पडली असती तर या वयात खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. मी ओरडल्यावर अंताक्षरी काढलीत, तीही हिंदी-मराठी गाण्यांची. घरात तेलुगू बोलणारी आजी तासभर नुसती टाळ्या वाजवत बसली. तिच्या बोटांकडे कुणी पाहिलं का? दिवसाला शेकड्यांनी विड्या वळलेली बोटं ती. टेबलावर सागरगोटे ठेवले असते, एका मिनिटात फुलं ओवायला दिली असती, तर विशीतल्या तुम्हा सगळ्यांना तिनं हरवलं असतं. भाषाही आडवी आली नसती.

पैठणीच्या खेळांचे व्हिडिओ बघून यादी केलीत, हे मला कळत नाही असं समजू नका. ते खेळ बघणाऱ्यांना हसवायला केलेले असतात. कालही तुम्ही बघणाऱ्यांचाच विचार केलात.

शुक्रवारी पहिलीच्या वर्गावर तुमचाच खेळाचा तास आहे. उद्या सकाळी यादी माझ्या टेबलावर हवी. प्रत्येक खेळापुढे एक रकाना आखा: बाद झालेलं मूल पुढे काय करणार? तो रकाना रिकामा राहिला, तर तो खेळ तुम्हीच खोडा. माझ्यावर ती वेळ आणू नका.