तेरीज जुळली, तरीही

दत्तजयंतीच्या अंकात आकड्यांचा लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण माझा जन्मच लेजरे लिहिण्यात गेला, दुसरं काय लिहिणार?

एकदा काउंटरवर एक आजी आल्या. "भाऊ, परवा पाचशे भरले, ते पासबुकात नाहीत." मी लेजर पाहिलं, तेरीज पाहिली. पैशापैशाचा मेळ. "आजी, हिशेब जुळतोय, तुमचंच काहीतरी चुकतंय," असं चारचौघांत सांगून मोकळा झालो. आठवड्याने त्यांच्याच आडनावाचे एक गृहस्थ आले. त्यांच्या खात्यात पाचशे जास्त! नोंद माझ्याच हातची. रक्कम भलत्या खात्यात जमा केली तरी तेरीज जुळतेच. हे कॉमर्सला शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं.

परवा नातवाच्या पुस्तकात फ्रान्सच्या ल व्हेरिएची हकिकत वाचली आणि हे सगळं आठवलं. युरेनस ग्रह हिशेबाप्रमाणे चालत नव्हता. ल व्हेरिए यांनी कागदावर गणित करून सांगितलं, पलीकडे आणखी एक ग्रह असणार, अमुक ठिकाणी पाहा. २३ सप्टेंबर १८४६ रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण लावली. सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! केवढं हे गणिताचं सामर्थ्य.

मग बुधाच्या कक्षेतही फरक निघाला. आजच्या मोजणीप्रमाणे शंभर वर्षांत अवघ्या ४३ विकला. एका अंशात ३६०० विकला असतात, यावरून काय ते समजा. १८५९ मध्ये ल व्हेरिए यांनी तोच मार्ग धरला. सूर्याजवळ न दिसलेलं काहीतरी असणार. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही पडलं, पाहिल्याचे दावेही झाले. १८७७ मध्ये ल व्हेरिए गेले, ग्रह काही मिळाला नाही. तो नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणच नव्याने मांडलं, तेव्हा त्या विकलांचा हिशेब लागला.

माणूस तोच, गणित तितकंच चोख. गणित सांगतं, हे धरलंत तर ते येईल. धरलेलं खरं आहे का, ते आकाशालाच विचारावं लागतं. गणिताला नावं ठेवायची नाहीत हं. आइन्स्टाइननीही शेवटी गणितच केलं. मी मात्र आजींना काहीच विचारलं नव्हतं. कुठली खिडकी, किती वाजता, एवढंसुद्धा.

पाचशे त्याच दिवशी त्यांच्या खात्यात वळते केले, संध्याकाळी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पुढे पैसे भरायला येत, पण माझी खिडकी मोकळी असली तरी शेजारच्या रांगेत उभ्या राहत.