पाच चिंचोके

वसईकडच्या एका गावात, केळीच्या वाड्यांमधून चर्चकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक घर होतं. घरात म्हातारी सासू, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. खाऊनपिऊन सुखी घर. नाताळ हा त्यांचा सगळ्यात मोठा सण, आणि तो वर्षागणिक आणखी मोठा होत चालला होता.

एका वर्षी अंगणातल्या येशूजन्माच्या गोठ्याला दिव्यांच्या माळा आल्या. शेजारच्या आळीतल्या गोठ्यात धबधबा झाला, म्हणून पुढच्या वर्षी इथेही मोटर लावून धबधबा झाला. फराळाच्या ताटात पूर्वी तीन जिन्नस असायचे, त्यांचे आठ झाले. २५ तारखेच्या जेवणाला आधी दोघे दीर यायचे, मग त्यांच्या सासरची माणसंही येऊ लागली. नवे पडदे आले, सगळ्यांना भेटवस्तू आल्या, भेटवस्तूंना चकचकीत कागद आला. एकदा आलेली गोष्ट परत काही गेली नाही.

सून रोज लोकलने मुंबईला नोकरीला जायची. घरी आली की पदर खोचून नाताळाला लागायची. मध्यरात्रीच्या मिस्सेला ती बसल्या जागी पेंगायची आणि प्रवचन संपून माणसं उभी राहिली की दचकून उठायची.

२०२३ साली नाताळ सोमवारी आला. त्यामुळे नाताळाआधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ अगदीच तोकडा झाला. पहिल्या रविवारची मेणबत्ती ३ डिसेंबरला लागली आणि चौथा रविवार थेट २४ तारखेला आला. म्हणजे सकाळी मेणबत्ती आणि त्याच रात्री नाताळची मिस्सा. ३ तारखेच्या संध्याकाळी सून यादी करायला बसली. वहीची दोन पानं भरली तरी तिचं लिहिणं संपेना.

"किती झाल्या गं गोष्टी?" सासूने विचारलं.

"सव्वीस."

"त्यातल्या तुला किती हव्यात?"

"मला विचारून काय उपयोग, आई? घरच्यांना हव्या असतात."

सासू पुढे काही बोलली नाही. मुलांच्या खेळासाठी जपून ठेवलेली चिंचोक्यांची बरणी तिने फळीवरून काढली. रात्री जेवणं झाल्यावर नातवाकडून यादीतली एकेक गोष्ट चिठ्ठीवर लिहून घेतली, चिठ्ठ्या चटईवर मांडल्या आणि प्रत्येकाच्या हातात पाच पाच चिंचोके दिले. स्वतःही पाच घेतले.

"जे नसेल तर नाताळ झाल्यासारखा वाटणार नाही, त्याच्यावर ठेवा," ती म्हणाली. "दुसऱ्याला हवं असेल म्हणून ठेवायचं नाही."

मुलांना गंमत वाटली. मोठी माणसं मात्र जरा घुटमळली. मग एकेक चिंचोका पडू लागला. गोठ्यासाठी नाचणी पेरायच्या चिठ्ठीवर चार पडले. मिस्सेहून आल्यावर सगळ्यांनी मिळून केक खायचा, त्याच्यावर पाचही जणांचे. पडद्यांवर एकही नाही. चकचकीत कागदावरही नाही. आणि धबधबा कोरडाच.

"अरे, तू ठेवला नाहीस?" बापाने मुलाला विचारलं. दर वर्षी त्या धबधब्यापायी बाप रात्र रात्र पाइप जोडत बसायचा.

"मला वाटलं, तुम्हाला आवडतो," मुलगा म्हणाला. "मोटरच्या आवाजात गाणी कुठे ऐकू येतात?"

मोठ्या जेवणाची चिठ्ठीही रिकामीच होती. "भाऊजींना वाईट वाटेल," सून म्हणाली. नवऱ्याने तिथल्या तिथे मोठ्या भावाला फोन लावला. पलीकडे क्षणभर कुणी बोललं नाही. मग जाऊबाईंचा आवाज आला, "अगं, त्या दुपारी आम्हालाही झोपायचं असतं!"

सगळे हसले. धाकट्या नातीची मूठ मात्र अजून बंद होती.

"माझं यात नाहीच," ती म्हणाली. "कुलकुले कुठेत?"

कुलकुले यादीत नव्हते. वेळ पुरेना म्हणून काही वर्षांपासून ते बेकरीतून यायचे. सासूनेही मूठ उघडली. तिच्याही तळहातावर एक चिंचोका उरला होता. नातवाने नवी चिठ्ठी लिहिली आणि आजी-नातीने तिच्यावर आपापला चिंचोका ठेवला.

सुनेला हलकं वाटलं. ती भराभर रिकाम्या चिठ्ठ्या उचलू लागली. त्यात एक होती, 'शेजारची ताटं'. सासूने तिच्यावर हात ठेवला.

"ही राहू दे."

"पण आई, हिच्यावर कुणाचाच नाही. तुमचासुद्धा नाही."

"कसा असेल? ज्यांच्या घरी ताटं जातात, ती माणसं इथे चिंचोके ठेवायला आली होती का?"

यावर कुणाला काही बोलता आलं नाही. दिवाळीत या घरी पहिला फराळ यायचा तो पलीकडच्या काकूंकडून. काकू एकट्या राहायच्या, गुडघे दुखत असले तरी चकल्या घालायच्या आणि ताट स्वतः घेऊन यायच्या. चिठ्ठी राहिली. ताटातले जिन्नस मात्र आठावरून पुन्हा तीनवर आले. करंज्या, घरच्या राजेळी केळ्यांची सुकेळी आणि कुलकुले.

नाताळाच्या आदल्या आठवड्यात नाचणी पेरली. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी दुपारी ओटीवर जुनी चादर अंथरली. नारळाच्या दुधात भिजवलेला मैदा मधोमध ठेवला. दोघी जावा आल्या. काकूही आल्या आणि गुडघ्यांमुळे खुर्चीत बसल्या. काटेचमचे कमी पडले, म्हणून बाजारातून नव्या फण्या आणल्या होत्या. पिठाची बोराएवढी गोळी फणीवर ठेवायची, अंगठ्याने दाबून पसरायची आणि एका कडेने गुंडाळत आणायची. शिंपल्यासारख्या रेघा उठलेला कुलकुला तयार. शेवटची कड नीट दाबली नाही तर तो तेलात उलगडतो. घरधन्याचे बरेचसे उलगडले. त्याची चेष्टा करता करता परात कधी भरली ते कळलंही नाही. "इतकी वर्षं खाते, करायला आज शिकले," असं काकू म्हणाल्या आणि जाताना एक फणी मागून घेऊन गेल्या.

२४ तारखेच्या रात्री सून पेंगली नाही. प्रवचनात फादर सांगत होते, की बरोबर ८०० वर्षांपूर्वी, १२२३ च्या नाताळात, असिसीकर संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणीचा देखावा उभा केला. गव्हाणीत वाळलेलं गवत होतं आणि जवळ एक बैल नि एक गाढव होतं.

"धबधबा नव्हता," नातू बापाच्या कानात पुटपुटला. बाप तोंडावर रुमाल धरून हसला.

सण आटोपशीर करायचा म्हटलं की पहिली कात्री लागते ती बाहेर जाणाऱ्या वाट्याला, कारण घेणारा तक्रार करायला येत नाही. घरातला थाट मात्र कुणी मागितला होता हे न विचारताच चालू राहतो. या म्हातारीने आधी थाटाला विचारलं, आणि ज्यांना विचारता येत नव्हतं त्यांचा वाटा आपल्या हाताखाली राखला.

त्या घरात आता आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी चिंचोक्यांची बरणी खाली येते. धबधब्याची मोटर माळ्यावर पडून आहे. चालू स्थितीत आहे. कुणाला हवी असेल तर घेऊन जावी.