मुलाचा आनंद : मोह की मुदिता?



तृष्णा हे दुःखाचे मूळ आहे, असे आपण विहारात ऐकतो. घरी येतो तर लेकरू दारातच वाट पाहत उभे असते. ते पायाला मिठी मारते, पडलेला दात मुठीत धरून दाखवते, मुंग्या रांगेतच का चालतात म्हणून विचारते, आणि आपले मन भरून येते. आता या भरून येण्याला काय म्हणायचे? ही तृष्णा आहे काय? लेकराच्या संगतीत होणारा आनंद हा धम्माच्या वाटेवरचा अडसर आहे, की धम्माचेच एक अंग आहे? प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर आपल्या घरातील मुलांचे बालपण अवलंबून आहे. म्हणून तो भावनेने न सोडवता विचाराने सोडवला पाहिजे.

हा आनंद म्हणजे मोह, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने बरेच पुरावे आहेत, हे प्रथम मान्य करू. पुत्रजन्माची वार्ता कळताच सिद्धार्थाला ते बंधन वाटले आणि त्यावरूनच मुलाचे नाव राहुल पडले, अशी परंपरागत कथा आहे. मज्झिमनिकायातील पियजातिक सुत्तात, एकुलता एक मुलगा गमावलेल्या गृहस्थाला तथागत सांगतात की, जे प्रिय असते त्यातूनच शोक निर्माण होतो. पुत्र माझे, धन माझे असे म्हणत झुरणाऱ्या माणसाला धम्मपदाने मूढ म्हटले आहे. हे सारे वाचून एखादा उपासक म्हणेल, मग लेकरापासून मन जरा दूर ठेवलेलेच बरे.

परंतु तेच सुत्त पुढे वाचा. तथागतांचे हे म्हणणे राजा पसेनदीला पटत नाही. तेव्हा राणी मल्लिका त्याला विचारते, राजकन्या वजिरी तुम्हाला प्रिय आहे काय? राजा म्हणतो, आहे. तिचे काही बरेवाईट झाले तर तुम्हाला दुःख होईल काय? राजा म्हणतो, होईल. राजाला तथागतांचे म्हणणे पटते. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, वजिरीवर प्रेम करू नका असे मल्लिका कोठेही म्हणत नाही. प्रेमाबरोबर शोकाची शक्यता येते हे ती दाखवून देते. वस्तुस्थिती डोळ्यांआड करू नका, एवढाच त्याचा अर्थ.

पूज्य बाबासाहेबांनी तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट केली आहे. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थ झोपलेल्या बायकोमुलाला टाकून मध्यरात्री निघून जात नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात झालेल्या तंट्यामुळे त्याला गृहत्याग करावा लागतो. तो यशोधरेशी बोलतो, तिची संमती घेतो. राहुलचा सांभाळ करायचा नसता तर आपणही परिव्रज्या घेतली असती, असे ती सांगते. निघण्यापूर्वी तो राहुलला आणायला सांगतो आणि पित्याच्या नजरेने त्याला पाहून घेतो. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आर्यसत्यांविषयी प्रश्न उभा केला आहे : जीवन म्हणजे दुःखच, असे सांगितले तर बुद्धाची शिकवण निराशेची शिकवण ठरणार नाही काय? ज्या महापुरुषाने धम्माला निराशेपासून सोडवले, त्याच्या अनुयायाने लेकराच्या हसण्याला घाबरावे, हे विसंगत आहे.

विनयपिटकातील एक प्रसंगही बोलका आहे. राहुलला प्रव्रज्या दिल्यावर वृद्ध शुद्धोदन तथागतांकडे आला. पुत्राचे प्रेम कातडी, मांस, हाडे भेदून थेट मज्जेपर्यंत जाते, असे त्याने आपले दुःख सांगितले आणि यापुढे आईबापांच्या संमतीवाचून कोणत्याही मुलाला प्रव्रज्या देऊ नये, अशी विनंती केली. तथागतांनी त्याला मोहाबद्दल उपदेश केला नाही. त्यांनी तसा नियमच करून टाकला. आईबापांच्या प्रेमाची धम्माने अशी दखल घेतली आहे.

आता अधिक कठीण आक्षेपाकडे वळू. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार आपल्याला माहीत आहेत. दुसऱ्याच्या भल्यात आनंद मानणे ही मुदिता. आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात प्रत्येक ब्रह्मविहाराचे दोन शत्रू सांगितले आहेत, एक दूरचा आणि एक जवळचा. जवळचा शत्रू म्हणजे जो वरवर मित्रासारखा दिसतो तो. मुदितेचा जवळचा शत्रू कोणता? गेहसित सोमनस्स, म्हणजे घरसंसाराच्या आश्रयाने होणारा हर्ष. झाले! विद्वान आक्षेपक म्हणेल, तुमचा लेकराचा आनंद तो हाच.

परंतु गेहसित हर्षाचे लक्षण काय दिले आहे? हवीशी वस्तू आपल्याला मिळाली, किंवा पूर्वी मिळाली होती ती आठवली, म्हणून होणारा हर्ष. म्हणजे ‘मला मिळाले’ हे त्याचे मर्म आहे. मुदितेचे मर्म मात्र ‘त्याचे बरे झाले’ हे आहे. आनंद कोठे होतो, घरात की विहारात, यावर काहीच ठरत नाही. तो कोणासाठी होतो, यावर सर्व ठरते. आणि मुदितेचा दूरचा शत्रू कोणता, तेही पाहा. तो आहे अरती, म्हणजे दुसऱ्याच्या भल्याचा कंटाळा, नावड. मूल उत्साहाने काही सांगायला येते आणि बाप मोबाइलवरची नजर न काढता ‘हं’ म्हणतो, तेव्हा तो काही अनासक्त झालेला नसतो. तो अरतीत असतो.

बुद्धघोषांनीच दिलेला एक दृष्टान्त प्रत्येक आईबापाने मनात ठेवावा असा आहे. एका मातेला चार पुत्र आहेत. एक तान्हा, एक आजारी, एक ऐन तारुण्यातला आणि एक आपल्या कामधंद्याला लागलेला. तान्हा मोठा व्हावा असे तिला वाटते. आजारी बरा व्हावा असे वाटते. तरुणाने आपले तारुण्य दीर्घकाळ उपभोगावे असे वाटते. आणि जो आपल्या कामाला लागला आहे त्याची ती चिंता करीत बसत नाही. या चार भावना म्हणजेच मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा. ब्रह्मविहार समजावून सांगण्यासाठी आचार्यांना आईच्या मनाहून जवळचे उदाहरण सापडले नाही! एवढेच नव्हे तर, एकच मूल वाढता वाढता या चारही अवस्थांतून जाते, आणि आईबापाच्या मनालाही त्याच्याबरोबर बदलावे लागते. जो पंधरा वर्षांच्या मुलाला पाच वर्षांच्या मुलासारखे मुठीत ठेवू पाहतो, त्याची मैत्री उपेक्षेपर्यंत पोहोचतच नाही. उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. आपला हात सोडून चालणाऱ्याकडे समाधानाने पाहता येणे म्हणजे उपेक्षा.

हा प्रश्न आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाचा का, हे आता सांगतो. आपल्या आजा-पणजांना लेकराच्या संगतीचा आनंद घेण्याची मुभाच नव्हती. गावकीच्या कामाला वेळकाळ नसे. सांगावे पोचवायचे, मेलेले जनावर ओढायचे, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे. आई दुसऱ्याच्या शेतात, बाप चावडीवर आणि पोर गुरांमागे. बापाला मुलाकडे पाहायला वेळ नसणे हा त्या गुलामगिरीचाच एक भाग होता. १९५८ च्या कायद्याने ही हलकी वतने नष्ट झाली. त्याआधी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपण धम्म स्वीकारला. संध्याकाळी घरी येऊन लेकराशेजारी बसण्याचा जो तास आज आपल्याला मिळतो, तो फार मोठ्या लढ्याने मिळालेला आहे.

या तासाचे आपण काय करतो? ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण शिरसावंद्य मानतो, आणि तो मानलाच पाहिजे. परंतु पुष्कळ घरांत त्या आदेशाचे रूपांतर केवळ धाकात झाले आहे. किती गुण मिळाले? शेजारच्याला किती मिळाले? लातूरला पाठवायचे की कोट्याला? बापाला मुलाची ओळख गुणपत्रिकेपुरतीच उरते. उद्याच्या अधिकाऱ्याची वाट पाहता पाहता आजचे मूल कोणी पाहतच नाही. आपल्या अपूर्ण आकांक्षा पूर्ण करण्याचे साधन म्हणून मुलाकडे पाहणे, यालाच वर ‘मला मिळाले’ म्हटले आहे. येथे तृष्णा आहे, आणि ती कर्तव्याचा वेष घेऊन आली आहे. उलट, ज्याला घरात कारणाशिवायही प्रेम मिळते, त्या मुलाला अभ्यासासाठी लागणारे धैर्य अधिक मिळते. वर्गात कोणी जातीवरून टोमणा मारला तर ते घरी येऊन सांगण्याइतका विश्वास त्याला आईबापांबद्दल वाटला पाहिजे. तो विश्वास परीक्षेच्या आदल्या दिवशी निर्माण होत नाही. रोजच्या फुटकळ गप्पांतूनच तो साठत जातो.

मुलांवरील प्रेमाने माणूस लढ्याला निकामी होतो, असे कोणाला वाटत असेल तर बाबासाहेबांच्या चरित्राकडे पाहावे. गंगाधर, रमेश आणि इंदू ही मुले अकाली गेली, आणि जुलै १९२६ मध्ये लाडका राजरत्नही गेला. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले दुःख झाकून ठेवले नाही. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ रोजी, त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. लेकरासाठी रडणारा बाप आणि लक्षावधी लेकरांसाठी लढणारा नेता एकच होता.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. आपल्या घरांतून मुलाचा आनंद आणि मुलाचे काम यांची वाटणी झाली आहे. न्हाऊमाखू घालणे, शी-शू काढणे, तापात रात्र जागणे आईकडे, आणि न्हाऊन पावडर लावलेले मूल खेळवणे बापाकडे. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ या ग्रंथात दाखवून दिले. घाण काढणारा एक आणि सुख भोगणारा दुसरा, हाच नियम आपण घरात चालवला तर आपण जात सोडली असे कसे म्हणावे? शिवाय यात बापाचेच नुकसान होते. जो लेकराचे केस विंचरतो त्यालाच केस विंचरताना विचारलेला प्रश्न ऐकू येतो. जी भाकरी थापते तिच्याच शेजारी बसून पोर आपली वाकडीतिकडी चानकी थापते. हा आनंद कामापासून वेगळा काढता येत नाही. तो हवा असेल तर बापाने कामाला हात लावावा.

धम्माचे संस्कारही याच वेळी होतात. अंबलट्ठिका येथे तथागत राहुलला भेटायला गेले. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. त्याने बसायला आसन दिले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भांड्यात थोडेसे पाणी उरले होते. तेच तथागतांनी त्याला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रामण्य एवढेसेच असते, असे सांगितले. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे केले, आणि प्रत्येक वेळी तोच धडा पुढे नेला. थट्टेतही खोटे बोलू नये, आरशात पाहावे तसे आपल्या प्रत्येक कृतीकडे पाहावे, हे त्या मुलाला पाय धुण्याच्या उरलेल्या पाण्यावरून कळले. तेथे फळा नव्हता, छडी नव्हती. आपल्याही घरात पाणी आहे, भांडे आहे आणि सात वर्षांचे मूल आहे. मग वंदनेच्या वेळी डोळे मिचकावून पाहणाऱ्या पोरावर खेकसण्याखेरीज आपल्याला दुसरे काही का सुचू नये?

शेवटी अनित्यतेचा विचार. अनित्य म्हटले की आपल्याला मरण आठवते. परंतु वाढ हीदेखील अनित्यताच आहे. गेल्या वर्षीची चप्पल यंदा पायात जात नाही. ‘पाणी’ला ‘पापा’ म्हणणारे मूल एके दिवशी स्पष्ट ‘पाणी’ म्हणते, आणि तो बोबडा शब्द घरातून कायमचा निघून जातो. तो गेल्याची क्षणभर हुरहूर वाटते, आणि त्याच क्षणी मूल एक पायरी वर चढल्याचा आनंदही होतो. हुरहूर मागे सारून आनंदाला पुढे येऊ देणे, हाच गृहस्थाचा अभ्यास आहे. यासाठी अरण्यात जावे लागत नाही, पैसाही लागत नाही.

तात्पर्य, मुलाचा आनंद मोह आहे की मुदिता, हे ओळखण्याची कसोटी अवघड नाही. मूल आपल्या मनाविरुद्ध पण योग्य मार्गाने गेले, आपण नाही म्हटलेला पण चांगला व्यवसाय त्याने निवडला, जातीबाहेरचा योग्य जोडीदार निवडला, तर आपला आनंद टिकतो काय? टिकत असेल तर ती मुदिता होती. टिकत नसेल तर इतकी वर्षे आपण स्वतःवरच प्रेम करीत होतो. या कसोटीची तयारी मूल पंचवीस वर्षांचे झाल्यावर करता येत नाही. आज संध्याकाळी ते जे काही सांगायला येईल, ते त्याचे आहे म्हणून ऐकावे. तयारीची सुरुवात तेथूनच होते.