पाठीच्या कण्यातील सुई आणि तिचे भय

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ज्या घरी कोणाची कंबर दुखत नाही असे घर विरळा. कापूस वेचणारी बाई दिवसभर वाकलेली असते. सोयाबीनची पोती पाठीवर वाहणारा तरुण चाळिशीच्या आत म्हातारा दिसू लागतो. यांपैकी कित्येकांच्या मणक्यांमधील चकती जागची सरकते, शिरेच्या मुळाशी दाटते, आणि कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत विजेसारखी कळ निघते. गोळ्या, हलका व्यायाम व काही आठवड्यांचा धीर यांनी बहुतेकांची कळ ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांपैकी काहींस अकोल्याचा किंवा छत्रपती संभाजीनगरचा डॉक्टर सांगतो की, कण्यात शिरेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन पाहावे. हे ऐकताच, जो मनुष्य महिनोन् महिने दुखणे सोशीत आला तोच थरथरू लागतो. रात्री झोप लागत नाही, आणि झोप नाही म्हणून दुखणे दुणावते.

अशा मनुष्यास आमच्या मंडळ्यांतील काही सज्जन म्हणतात, "विश्वास असता तर भ्याला नसतास." हे बोलणे आम्हांस मुळीच मान्य नाही. गेथशेमाने बागेत प्रभूने आपल्यापुढील दुःखाचा प्याला टळावा अशी प्रार्थना केली, आणि तिला कोणी अविश्वास म्हटले नाही. जेथे डोळा पोहोचत नाही अशा पाठीमागून लोखंड येणार म्हटल्यावर शरीराने दचकावे, ही शरीराची राखणच होय. तेव्हा भ्यावे की न भ्यावे हा प्रश्नच नव्हे. भ्यालेल्याशी आपण काय बोलावे, हा खरा नीतीचा प्रश्न आहे, आणि उपदेशक, बायबलबाई व घरचे लोक या सर्वांस तो लागू आहे.

प्रथम हे भय येते कोठून ते पाहू. "सिझेरियनच्या वेळी कमरेत सुई दिली, तेव्हापासून कंबर धरली ती धरलीच," हे वाक्य आम्ही गावोगाव ऐकले आहे. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ बायांची दुखते, सुई घेतलेल्यांची व न घेतलेल्यांचीही. कायमचे दुखणे त्या सुईने जडते असे संशोधनात आढळलेले नाही. भूल देण्याची ती सुई निराळी व स्टेरॉइडची निराळी, परंतु ओसरीवरच्या गप्पांत दोन्ही एक होतात. त्यातच 'स्टेरॉइड' हा शब्द बदनाम झालेला. बाजारात सांधेदुखीवर नाव नसलेल्या पुड्या विकणारे भोंदू कित्येकदा त्यांत हेच औषध मिसळतात. रोज खाऊन मनुष्याचे तोंड सुजते व हाडे ठिसूळ होतात. एका जागी मोजून दिलेले औषध आणि महिनोन् महिने न कळत पोटात गेलेले औषध यांत फार अंतर आहे. आणि हे औषध मुळी संधिवातावरच नावारूपाला आले: सन १९४८ मध्ये अमेरिकेत हेंच यांनी ते प्रथम एका संधिवाताच्या रोगिणीस दिले, व सन १९५० मध्ये त्यांस दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि सर्वच भय पोकळ आहे असे म्हणणे हेही असत्य होईल. सुईच्या भयाचा आपल्या महाराष्ट्रास जुना अनुभव आहे. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोक तरीही भीत होते. पुढे सन १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांस लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांच्यावरील दोष सन १९०७ पर्यंत निघाला नाही. आणि अलीकडे, सन २०१२ मध्ये, अमेरिकेत बुरशीने दूषित झालेले स्टेरॉइड लोकांच्या कण्यात टोचले गेले. साडेसातशेच्या आसपास माणसे आजारी पडली व साठांहून अधिक दगावली. असे क्वचित घडते, फारच क्वचित, परंतु घडते. म्हणून औषध कोणते, कुपी आपल्यासमोर फोडणार काय, सुई क्ष-किरण यंत्रात पाहून घालणार काय, हे विचारणाऱ्या रुग्णास भित्रा म्हणू नये. तो शहाणा आहे.

आता बोलण्याविषयी. सोबती बहुधा म्हणतात, "काही नाही रे, मुंगी चावल्यासारखे." हे लबाड सांत्वन होय. मेजावर पालथे पडल्यावर मुंगीपेक्षा अधिक काही लागले की, त्या मनुष्याचा आपल्या सर्वच शब्दांवरचा भरवसा उडतो. मग खरे तेवढे ठणकावून सांगावे काय? येथे एक प्रयोग आम्हांस फार बोधप्रद वाटला. बॉस्टन येथे १४० बाळंतिणींच्या पाठीत भुलेची सुई देताना काहींस सांगितले की, जागा बधिर होईल व तुम्हांस बरे वाटेल. इतरांस सांगितले की, मोठ्या मधमाशीचा डंख बसेल, हाच सर्वांत वाईट भाग. सुई तीच, औषध तेच. सन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तानुसार पहिल्यांनी आपले दुखणे दहांपैकी ३ सांगितले व दुसऱ्यांनी ५. पहिल्यांस कोणी खोटे सांगितले नव्हते. जागा खरोखरच बधिर होत होती. सत्यातही निवड असते, आणि ती निवड प्रेमाने करता येते. जे सत्य त्या मनुष्यास उपयोगी पडेल ते आधी सांगावे, दुसरे लपवू नये.

उपयोगी सत्य असे. रुग्णास पोटाखाली उशी देऊन पालथे निजवतात. प्रथम बारीक सुईने कातडी बधिर करतात. ती चुणचुण काही क्षणांची. मग दाब जाणवतो, आणि कधी ओळखीची कळ पायात क्षणभर चमकते. ती चमकली तर हलू नये, तोंडाने सांगावे, डॉक्टर थांबतात. सर्व काम बहुधा अर्ध्या तासात आटोपते. श्वास हळू घ्यावा व त्याहून हळू सोडावा; मोठे श्वास घेऊन पाठ हलवू नये. ज्यास पूर्वी रक्त किंवा सुई पाहून घेरी आली असेल त्याने ते आधीच सांगावे, लाजू नये. मधुमेह असल्यास, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्यास, अंगात ताप असल्यास तेही सांगावे. कारण या औषधाने काही दिवस रक्तातील साखर वाढते, आणि बाकीच्या दोहोंत सुई पुढे ढकलावी लागते.

आणखी एक सत्य आहे, ते सांगण्यास पुष्कळ लोक कचरतात. ही सुई सरकलेली चकती जागेवर बसवीत नाही. ती सूज कमी करते. गुण आला तर दोन-चार दिवसांपासून आठवड्याभरात येतो आणि काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. पाय न दुखता नुसती कंबर दुखत असेल तर तिचा लाभ फारसा नाही. सन २०२५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात तज्ज्ञांच्या एका मंडळाने तीन महिन्यांहून जुन्या कण्याच्या दुखण्यात ही सुई देऊ नये असा सल्ला दिला. त्याच वर्षी अमेरिकेतील मज्जातंतुवैद्यांच्या संस्थेने, दबलेल्या शिरेच्या दुखण्यात थोडा व थोड्या काळाचा आराम मिळतो असे म्हटले. वैद्यांतच मतभेद आहे. म्हणून, कर्ज काढून सुई घ्यावी काय, असे कोणी विचारले तर आम्ही नको म्हणू. त्या आरामाच्या काळात चालता व व्यायाम करता येईल, एवढ्यासाठी मात्र ज्याने घेण्याचे ठरवले त्यास कोणी अडवू नये. आणि ज्याने नाकारले त्यास भेकड म्हणू नये.

सोबत जाणाऱ्याने परतीच्या वाटेची तजवीज आधी करावी. त्या दिवशी रुग्णाने दुचाकी चालवू नये. एक-दोन दिवस दुखणे वाढले तर घाबरू नये. उठून बसताच डोके फुटेलसे दुखले व निजल्यावर थांबले तर डॉक्टरास कळवावे. परंतु पायातील शक्ती गेली, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, अथवा ताप येऊन मान ताठरली, तर सकाळच्या एस.टी.ची वाट पाहू नये. त्याच रात्री १०८ वर फोन करून गाडी बोलवावी.