बिनविरोध

निवडणूक बिनविरोध झाली म्हटले की आपल्याला बरे वाटते. भांडण टळले, खर्च वाचला, गावाची शोभा राहिली. मलाही पुष्कळ वर्षे असेच वाटत आले. हे समाधान थोडे ढळले ते वेल्समधल्या जुन्या काउंटी कौन्सिलांची हकीकत वाचताना. दिवाळीच्या फराळाबरोबर परदेशातल्या निवडणुकीचा विषय म्हणजे चकलीत खडा, असे कुणी म्हणेल. पण हा खडा माझ्याच दाताखाली आला आहे, म्हणून सांगतो.

काउंटी कौन्सिल म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेची वडील बहीण. वेल्समध्ये तिच्या पहिल्या निवडणुका १८८९ च्या जानेवारीत झाल्या आणि पुढे दर तीन वर्षांनी होत गेल्या. महायुद्धाच्या काळात त्या थांबल्या. १९३७ नंतर मतदार मतपेटीपाशी गेला तो एकदम १९४६ च्या मार्चमध्ये. मधल्या नऊ वर्षांत जग बदलले होते. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्याने शाळांचा मोठा भार ह्या कौन्सिलांवर आला होता. खेड्यातली लहान शाळा ठेवायची की मोडायची, मुलांना कोणत्या भाषेत शिकवायचे, ह्या गोष्टी तिथे ठरत. फ्लिंटशायरच्या कौन्सिलाने १९५६ साली ऱ्हिल येथे वेल्श माध्यमाची माध्यमिक शाळा काढली. तेव्हा हे अधिकार काही शोभेचे नव्हते.

मतदारही बदलला होता. पूर्वी स्थानिक मताचा हक्क मुख्यतः ज्याच्या नावे घर आणि कर, त्याला व त्याच्या जोडीदाराला असे. बापाच्या घरी राहणारा कर्ता मुलगा, दुसऱ्याच्या घरी राबणारी मोलकरीण, हे बाहेर. १९४५ च्या कायद्याने ती भिंत पाडली, आणि लोकसभेला मत देणारा प्रत्येक सज्ञान माणूस कौन्सिलालाही मत देऊ लागला.

देऊ लागला, असे मी लिहून गेलो खरा. पण कार्डिगनशायर, रॅडनरशायर यांसारख्या शेतकरी मुलखात अनेक जागांवर अर्जच एक येई. एक जागा, एक अर्ज. मग मतदान कशाला? कायद्याप्रमाणे तो उमेदवार निवडून आल्याचे जाहीर होई. त्या मोलकरणीला हक्क मिळाला, पण तो वापरायचा दिवस उगवलाच नाही. आणि हे खेड्यांतच घडे असे नव्हे. दक्षिणेकडच्या कोळशाच्या खोऱ्यांत मजूर पक्षाचा जोर एवढा, की कित्येक जागी समोर कुणी उभेच राहत नसे. एकीकडे ओळखीपाळखीचा दाब, दुसरीकडे पक्षाचा, निकाल तोच.

आता दुसरी बाजू पाहू. जिथे रविवारी सारे एकाच चॅपलमध्ये शेजारी बसणार, तिथे शेजाऱ्याविरुद्ध उभे राहणे सोपे नसते. शिवाय सभासद खरोखर चांगला असेल, लोक समाधानी असतील, तर उगाच विरोध हवा कशाला? हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. समाधानी माणसाला गप्प बसण्याचा अधिकार आहेच.

पण अडचण अशी, की सगळी शांतता एकाच सुराची असते. तृप्त माणूस गप्प असतो, भ्यालेला गप्प असतो, आणि ज्याला परवडत नाही तोही गप्पच असतो. १९४८ च्या कायद्याने बुडालेल्या मजुरीबद्दल सभासदांना भत्ता देण्याची सोय केली. त्याआधी पाटीच्या दगडाच्या खाणीतल्या कामगाराने रोजगार बुडवून दिवसभर सभेत कसे बसावे? तो उभा राहिला नाही, याला संमती म्हणायचे काय? ‘बिनविरोध’ हा शब्द ह्या तिघांना एकाच पोत्यात भरतो आणि वर संमतीची चिठ्ठी लावतो. मोजलेल्या मतांचे तसे नाही. हरलेल्याला चाळीस मते पडली तरी जिंकलेल्याला कळते, की आपल्या मुलखात चाळीस माणसे आपल्याशी सहमत नाहीत. रोझ डेव्हिस ह्या बाई १९२५ साली ग्लॅमॉर्गनच्या कौन्सिलात निवडून आल्या आणि १९४९ साली तिच्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या. ‘इथे बाईचे काय काम’ असे मानणाऱ्या काळात कुणीतरी आधी अर्ज भरावा लागतो, तेव्हा पुढे खुर्ची मिळते.

आता तो खडा. आमच्या गावची ग्रामपंचायत एकदा बिनविरोध करायचे ठरले. आमच्या वाडीतल्या एका वहिनीने मात्र अर्ज भरला होता. खालच्या वाडीच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात आटे, तेवढे तिला सभेत बोलायचे होते. तिची समजूत घालायला मला धाडले. मी गोड बोललो. एकोपा, गावाचे नाव, सगळे काढले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे भाऊजी, गावाची शोभा राहायला मी गप्प बसायचं, एवढंच ना?” मी हसलो. तिने अर्ज मागे घेतला. आम्ही पेढे वाटले. पुढची पाच वर्षे त्या विहिरीचा विषय सभेत निघाला नाही.

मी कुणाला धमकावले नाही, लाच दिली नाही. तरीही आज मला वाटते, त्या दिवशी मी एक मत पडू दिले नाही, आणि ते गोड बोलून पडू दिले नाही, हे अधिक वाईट. एकोपा म्हणजे ‘नाही’ म्हणणारा कुणी नसणे, असे मी समजत होतो. ‘नाही’ ऐकूनही दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या दारी फराळाचे ताट नेता येणे, हा खरा एकोपा असावा.

वेल्सच्या त्या तेरा काउंटी कौन्सिला १९७४ साली इतिहासजमा झाल्या. वहिनी आहे. यंदा ताट घेऊन मीच जाणार आहे, आणि विहिरीचे काय झाले ते विचारणार आहे. ती काय म्हणेल ते म्हणो. ऐकून मात्र घ्यायचे, एवढे ठरवले आहे.