पण करा

मागच्या दिवाळीत संगमनेर तालुक्यातल्या आमच्या घरी गेलो, तेव्हा आप्पांच्या मोबाईलमध्ये आमच्या टीमने बनवलेलं ॲप टाकून दिलं. डेअरीला दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांसाठीचं, मराठीतलं. थोडं मिरवायचंही होतं. आप्पा गोठ्याबाहेर उन्हात उभे राहून बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "तूच बघ बाबा. आमचं शिक्षण कमी पडतंय यात."

मी बघितलं. बटणावर लिहिलं होतं, 'पण करा'. खरं तर ते 'पूर्ण करा' होतं. बटणाची उंची आम्ही इंग्रजी 'सबमिट' बसवून ठरवली होती. त्यात उकार खालून कापला गेला आणि रफार वरून. बाकीचा मजकूर बारीक, फिकट करड्या अक्षरांत. पुण्याच्या ऑफिसातल्या मॉनिटरवर फार देखणा दिसायचा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा, हा वेबचा नियम मला पाठ होता. तपासून मात्र बघितला नव्हता.

चूक माझी होती आणि कमीपणा आप्पांना वाटला. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

यंत्रापायी मराठी अक्षरांनी अंग चोरायची ही पहिली वेळ नाही. पूर्वी रोजचं लिखाण मोडीत चालायचं. हात फार न उचलता झरझर लिहायची लिपी ती. छापखान्याला तर सुटे खिळे हवे होते. छपाईत बाळबोध रुळली, मोडी मागे पडली. आमच्या नगरहून १८४२ साली अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' सुरू झालं, तेही बाळबोधीत. पुढे जोडाक्षरांसाठी लागणारे ढीगभर खिळे कमी व्हावेत म्हणून टिळकांनी खटपट केली, तर सावरकरांनी 'इ'ऐवजी 'अि' लिहायचा आग्रह धरला. आज आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत पणजोबांचे मोडी कागद आहेत आणि ते घरात कुणालाच वाचता येत नाहीत.

पण त्या लोकांची अडचण खरी होती. शिशाच्या खिळ्यांना मर्यादाच होती. आज युनिकोड आहे, 'मुक्ता'सारखे फुकट मिळणारे चांगले देवनागरी फॉन्ट आहेत, हवं ते जोडाक्षर आपोआप जुळतं. यंत्र आपल्यासाठी वाकायला तयार आहे. तरी वाकायचं वापरणाऱ्यानेच?

कारण साचा इंग्रजीसाठी बनतो आणि मराठी शेवटी त्यात ओतली जाते. त्याला आम्ही 'डीफॉल्ट' म्हणतो. जणू ते कुणी ठरवलंच नाही! पण कुणीतरी ते ठरवलेलं असतं, आणि बदलायचं नाही हे माझ्यासारख्याने ठरवलेलं असतं.

"बहुतेकांचं चालतंय ना?" असं ऑफिसात विचारतात. चालतंच. लोक बटणाची जागा लक्षात ठेवतात, शेजारच्या पोराला विचारतात. पण चालणं वेगळं आणि चालवून घेणं वेगळं. डिझाइन करताना आपण नुसतं रंगरूप ठरवत नाही. चूक झाली तर ती कुणाला स्वतःची वाटणार, हेही ठरवतो.

परत आल्यावर बटणाची ठरीव उंची काढून टाकली, ओळींमध्ये जागा वाढवली, मजकूर गडद केला. दुपारपर्यंत काम झालं. पुढच्या खेपेला आप्पांना काही बदललंय हे कळलंच नाही. त्यांनी बटण दाबलं, फोन खिशात टाकला आणि धार काढायला गेले.